पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पावसात मागून सुटते, नक्की कुठे बघू?

खांडेपारकाठ | १३ जून, रात्री १०:४०

मंडळी, जरा टरकलोय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, ५४ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण ते टाकलं की धागा 'ही घ्यायलाच नको होती' वर जातो. पूर्वी ऑफिसची बस होती, गेलं वर्षभर रोज फोंडा ते पणजी आणि परत मीच चालवतो.

मिरगाचा पाऊस सुरू झाल्यापासून गाडी मागून हलल्यासारखी वाटत होती, बायको म्हणाली तुला भास होतात. काल संध्याकाळी भास नव्हता. फर्मागुडी चढून फोंड्याच्या बाजूला उतरताना डावं वळण, वेग पन्नासच्या आत, पुढची स्कूटर अचानक हळू झाली म्हणून मी एक्सलरेटर सोडून ब्रेकला जरा पाय लावला आणि मागचं सगळं धाड निघालं उजवीकडे, गाडीचं नाक डावीकडच्या गटाराकडे, मी काय स्टीअरिंग फिरवलं मला आठवत नाही पण गाडी परत सरळ झाली. समोरून त्या वेळी कदंबा बस आली असती तर हा धागा दुसऱ्या कोणीतरी काढला असता. डिकीत दोन नारळ होते, ते एका बाजूला जाऊन आपटले तो आवाज अजून कानात आहे.

मेकॅनिकला फोन केला तर गाडी न बघताच म्हणाला शॉकअप गेले, दोन्ही बदला. असेल? मला कळत नाही ते एवढंच की पॉवर पुढच्या चाकांना आहे, मग मागची चाकं का घसरावीत? ती तर नुसती ओढली जातात.

टर्बोपुत्र | १३ जून, रात्री ११:०२

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी मागून सुटत नाही, ती अंडरस्टीअर करते म्हणजे वळणात सरळ जायला बघते. मागून सुटते ती मागच्या चाकांना पॉवर असलेली. तू सांगतोस त्यापेक्षा वेग जास्त असणार. पहिला पाऊस, रस्त्यावर तेल, बाकी काही नाही.

चहा_बिस्किट | १३ जून, रात्री ११:१०

डिकीत सिमेंटच्या दोन गोणी टाक. आमच्या काकांनी टाकल्या होत्या, पहिल्याच पावसात भिजून दगड झाल्या, आता गाडीच त्या गोण्यांभोवती बांधल्यासारखी आहे.

म्हादयपार | १४ जून, सकाळी ६:५५

गोणी बिणी काही टाकू नकोस रे. मागच्या एक्सलच्याही मागे वजन टांगलंस की मागचं एकदा फिरायला लागल्यावर थांबायला जास्त वेळ घेतं, लंबकासारखं. वर पुढची चाकं हलकी होतात ती वेगळीच.

आणि टर्बोपुत्र, मी आठवड्यातून दोनदा केरीहून चोर्ला घाट चढतो-उतरतो, फ्रंट व्हीलच गाडी आहे, आणि ती मागून सुटलेली मी याच डोळ्यांनी बघितली आहे. वळणात मध्येच पाय उचलला की सुटते. त्याने तेच केलंय, वाच परत.

अलाइनमेंटवाला | १४ जून, सकाळी ९:२०

म्हापशाला टायर-अलाइनमेंटच्या दुकानात बारा वर्षं काढली आहेत त्यावरून विचारतो. शॉकअपचे पैसे आत्ताच देऊ नका बाब. आधी एवढं सांगा. चारी टायर कधी घेतले, आणि मागच्या टायरवरचा कोड काय? टायरच्या बाजूला डॉट असं लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतात, कधी ते आतल्या बाजूला येतात तेव्हा मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाकावं लागतं. हवा किती आहे, गाडी थंड असताना मोजलेली. गेल्या सहा महिन्यांत गाडीला काय काय केलं. आणि फक्त डाव्या वळणात होतं की उजव्यातही?

खांडेपारकाठ | १४ जून, रात्री ९:३५

भिजत वाकून आकडे वाचले, शेजारी विचारत होते काय हरवलं.

मागच्या दोन्हींवर २२१६. पुढचे दोन एकदम नवे, गेल्या १८ मे ला घातले, तेव्हा अलाइनमेंट-बॅलन्सिंगही केलं. दुकानदार म्हणाला फ्रंट व्हील गाडी आहे, नवे टायर पुढेच पाहिजेत, मागच्यांची नक्षी भरपूर आहे, अजून दोन वर्षं ओढतील. नक्षी आहेच, मी पट्टी घालून बघितली, साडेचार मिलिमीटर भरते. हवा सकाळी पायपंपाच्या मीटरवर पुढे ३३, मागे ३९!! मे मध्ये लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो तेव्हा पाच माणसं आणि डिकीभर सामान होतं म्हणून पंपावर ४० भरून घेतली होती, ती तशीच राहिली. दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय.

वळणाचं म्हणाल तर दोन्हीकडे, पण डावीकडे वळताना जास्त, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

अलाइनमेंटवाला | १४ जून, रात्री १०:१५

२२१६ म्हणजे २०१६ चा बावीसावा आठवडा, मे अखेर ते जूनची सुरुवात. म्हणजे गाडीबरोबर आलेलेच टायर, नऊ वर्षांचे.

हे मी दुकानात रोज बघतो. या गाड्यांत पुढचे टायर झिजतात, कारण ओढायचं काम त्यांचं, वळवायचं त्यांचं, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावर. ते गोटे झाले की गिऱ्हाईक पुढचे दोन बदलतं. मागचे झिजतच नाहीत, ते नुसते म्हातारे होतात. वरून नक्षी बघितली तर झक्कास दिसते पण रबर वाळून कडक झालेलं असतं, आपल्याकडे तर एप्रिल-मे मधलं ऊन आणि खारी हवा. उद्या एक करा, नव्या टायरच्या बटणात, म्हणजे नक्षीच्या उंच ठोकळ्यात, अंगठ्याचं नख दाबा, मग मागच्या टायरमध्ये दाबा. आणि खोबणींच्या तळाशी बघा, बारीक बारीक चिरा दिसतात का, कोरड्या पडलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या.

आधी हवा ३३ वर आणा. रिकाम्या गाडीला मागे ३९ म्हणजे टायर मधल्या पट्ट्यावरच उभा आहे.

टर्बोपुत्र | १४ जून, रात्री १०:४०

कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो. साडेचार म्हणजे बरंच आयुष्य बाकी. आणि ब्रेक पुढे, स्टीअरिंग पुढे, पॉवर पुढे, तर चांगले टायर मागे ठेवून उपयोग काय? दुकानदार बरोबर बोलला.

शेवंती | १५ जून, दुपारी ३:०५

मी मडगावला उच्च माध्यमिकला फिजिक्स शिकवते, गाडीचं इंजिन उघडून कधी बघितलेलं नाही, पण हा प्रश्न इंजिनाचा नाहीच, म्हणून बोलते.

समजा गाडी माणसासकट १००० किलो. अशा गाडीत इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे, म्हणजे साधारण ६०० पुढे आणि ४०० मागे. आता ओल्या उतारावर तुम्ही बऱ्यापैकी ब्रेक लावला, धरा गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट मंदन. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर नि वर थोडा, दोन एक्सलमधलं अंतर अडीच मीटरच्या आतबाहेर, तर जवळजवळ ९० किलो भार मागून पुढे सरकतो. मागे राहिले ३१०, एकेका चाकावर जेमतेम दीडशे. उतार असल्याने आणखी थोडे कमी. आणि त्याच क्षणी वळणात गाडीचं मागचं अंग बाहेर फेकलं जात असतं, त्याला आत धरून ठेवणारी तीच दोन चाकं. 'नुसती ओढली जातात' हे म्हणूनच खरं नाही. पुढे न्यायचं काम त्यांना नसेल, पण आडवं जाऊ न द्यायचं काम अर्धं त्यांचंच आहे.

आता पुढे नवे मऊ टायर, पाणी छान कापणारे, मागे कडक झालेले. पुढचा भाग म्हणतो मी वळलो, मागचा म्हणतो मला जमत नाही. पूर्वी जुने चारी सारखेच होते, तेव्हा पुढचेही घसरायचे, तुम्हाला आधी कळायचं आणि तुम्ही हळू व्हायचात. नव्या टायरांनी तुमचा पुढचा इशाराच काढून घेतलाय, म्हणून मे पर्यंत काही वाटलं नाही आणि जूनमध्ये वाटलं.

हवेचं उलट टोकही लक्षात ठेवा. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, नासाच्या विमानांच्या टायरांवरच्या प्रयोगांतून आलेलं सूत्र आहे, किलोमीटरमध्ये साधारण १६.६ गुणिले पीएसआयचं वर्गमूळ. ३३ ला ताशी ९५ च्या आसपास, २० ला ७५ च्याही खाली. म्हणजे मागच्या एका चाकात बारीक पंक्चर असेल तर हायवेवर तेच आधी तरंगणार. तुमचं तसं नाही, पण बाकीच्यांनी आपापली बघा. नक्षी गेलेल्या टायरला हे सूत्र जास्त लागू पडतं, पण पाणी खोबणीत मावलं नाही की नव्याचंही तेच होतं.

एक विनंती. जे काही करायचं ते एका वेळी एकच करा, नाहीतर शेवटी कशाने बरं झालं कळणार नाही. मुलं प्रॅक्टिकलला हेच करतात, दोन गोष्टी एकदम बदलतात आणि मग उत्तर पुस्तकातून उतरवतात.

म्हादयपार | १५ जून, दुपारी ३:४०

ताई, वही काढून लिहून घेतलं. दोनच टायर नवे घ्यायचे तर ते मागे, हे मोठ्या टायर कंपन्याही सांगतात. आपल्याकडे मात्र नव्वद टक्के दुकानं पुढे घालतात (टक्केवारी माझी, चोर्ल्यातल्या चहाच्या टपरीवर काढलेली).

वास्कोचो_दर्यो | १५ जून, संध्याकाळी ७:१२

मागच्या ब्रेकचंही बघ मरे. माझी गाडी चार दिवस पावसात हँडब्रेक ओढून उभी होती, लाइनर ड्रमला गंजून चिकटले, सोडताना टक्क करून सुटले पण डाव्या बाजूची केबल आत गंजलेली, ती अर्धीच परतायची. ओल्यात ब्रेक लावला की डावं मागचं चाक आधी जाम, गाडी तिरकी. पंधरा-वीस मिनिटं चालव, उतर आणि मागच्या दोन्ही रिमजवळ हात ने, टेकवू नको, भाजतं. एक बाजू जास्त तापली तर तिथे घोडं पेंड खातं. आता मी पावसात हँडब्रेक लावतच नाही, सपाटीला पहिला गिअर आणि चाकाला दगड.

पुण्यातला_गोंयकार | १५ जून, रात्री ८:३०

मला वेगळं विचारायचंय. समजा सुटलीच, तर करायचं काय? अनमोडला माझी एकदा थोडी सुटली होती, मी सगळं सोडून डोळे मिटले, देवाने वाचवलं.

म्हादयपार | १५ जून, रात्री ९:०५

डोळे उघडे, ही पहिली पायरी, हाहा. जायचंय तिकडे बघायचं, गटाराकडे बघायचं नाही, हात आपोआप नजरेमागे जातात. मागचं उजवीकडे गेलं तर स्टीअरिंगही उजवीकडे, आणि गाडी सरळ होऊ लागली की लगेच परत, नाहीतर दुसऱ्या बाजूला फेकते आणि ती दुसरी फेक पहिलीपेक्षा वाईट. ब्रेक दाबून धरायचा नाही. फ्रंट व्हीलला हलकासा एक्सलरेटर दिला तर पुढची चाकं गाडी ओढून सरळ करतात, हे खरं, पण घाबरलेला पाय ते करत नाही, माझ्याही पायाने पहिल्यांदा नाही केलं.

अलाइनमेंटवाला | १५ जून, रात्री ९:२०

म्हणून टायर नीट ठेवायचा आणि उतरावर वळणाच्या आधी हळू व्हायचं, वळणात नाही. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण मागचं सुटलेलं पकडून आणत नाही, ते ईएसपीचं काम, म्हणजे गाडी भरकटली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सरळ करणारी यंत्रणा, आणि त्या काळच्या अशा हॅचबॅकमध्ये ती सहसा नसते.

खांडेपारकाठ | १७ जून, रात्री १०:५०

अपडेट.

ड्रम: दोन्ही बाजू सारख्याच कोमट, वास्कोकरांचं नाही. हवा चारींत ३३ केली, दोन दिवस तशीच चालवली, फरक थोडा, म्हणजे मागून जे सारखं टणटण उडायचं ते कमी झालं, पण ओल्यात विश्वास वाटावा असं काही नाही. नख दाबलं: नव्यात जातं, खूण राहते. जुन्यात जाणं सोडा, नखच दुखलं. चिराही आहेत, अगदी तळ्यातल्या.

काल कुर्टीला एका टायरवाल्याकडे पुढचे मागे आणि मागचे पुढे करून घेतले. तो पोरगा म्हणत होता 'उलटं करताय तुम्ही', मी म्हटलं कर बाबा. आणि आज सकाळी पावसात फर्मागुडीच्या चढावर एक बस थांबली म्हणून थांबलो, परत निघताना क्लच सोडला तर पुढचं चाक जागच्या जागी फिरलं, चर्रर्र. असं या गाडीत आयुष्यात झालं नव्हतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे रबर गेलं वर्षभर माझ्या पाठीमागे असंच होतं, फक्त मागे असल्यामुळे बोलत नव्हतं.

त्याच डाव्या वळणावर मुद्दाम चाळीसने आलो. पुढून जरा सरळ जायला बघते, टर्बोपुत्र म्हणतात तसं, पण मागचं गप्प. म्हणजे सत्तर टक्के तरी फरक.

टर्बोपुत्र | १७ जून, रात्री ११:१५

मी सर्वसाधारण बोललो होतो. नऊ वर्षांचे टायर आहेत हे आधी सांगायला हवं होतं.

चहा_बिस्किट | १७ जून, रात्री ११:१८

टायरने आधी सांगायला हवं होतं, सांगितलंच होतं, चार आकड्यांत.

अलाइनमेंटवाला | १८ जून, सकाळी ९:००

छान. पण ते जुने पुढे ठेवून पावसाळा काढू नका, आता ब्रेकचं अंतर वाढलंय. पगार झाला की दोन नवे घ्या, शक्यतो त्याच कंपनीचे त्याच नक्षीचे. उरलेले तीस टक्के काय आहेत?

खांडेपारकाठ | १८ जून, रात्री ९:४५

दोन गोष्टी. एक, वळणात रस्ता उंचसखल असला की मागून एक उसळी येते आणि गाडी अर्धी वीत बाजूला जाऊन बसते, जुन्या गोव्याच्या पुढे बाणस्तारीकडे येताना जिथे पॅच मारलेत तिथे तर हमखास. दोन, डाव्या वळणात अजूनही उजव्यापेक्षा सैल. मागचे शॉकअप बघितले, तेल नाही, धूळ कोरडी आहे, कोपरा दाबून सोडला की एकदा वर येऊन थांबते. चाकामागे मोबाइल घालून फोटो काढलाय, टाकतो, चिखल माफ करा.

म्हादयपार | १८ जून, रात्री १०:०५

स्प्रिंगमध्ये ते पिवळं काय आहे??

खांडेपारकाठ | १८ जून, रात्री १०:२०

अरे हो, ते बफर. दोन वर्षांपूर्वी बसवले. सगळे बसले की आमच्या वाड्याजवळच्या स्पीडब्रेकरला गाडी खालून घासायची, एक्सेसरीवाला म्हणाला हे रबर घाला, मागून उचलेल. उचलली पण. त्याचा काय संबंध?

अलाइनमेंटवाला | १८ जून, रात्री १०:५०

संबंध आहे ना बाब. स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये रबर कोंबलं की ती वेटोळी दबतच नाहीत, स्प्रिंग तेवढी आखूड आणि कडक होते. पाच माणसं नि सामान असेल तेव्हा ठीक वाटतं. पण तुम्ही रोज एकटे जाता, मागे वजनच नाही. कडक स्प्रिंग खड्ड्यावर दबत नाही, ती चाक उडवते. उडालेल्या चाकाला कसली ग्रिप? आणि शॉकअप कंपनीच्या मूळ स्प्रिंगसाठी बनवलेला, या कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही, म्हणून मेकॅनिकला शॉकअप गेल्यासारखं वाटलं असेल.

शिवाय पुढची बाजू मऊ आणि मागची कडक असली की वळणात एका बाजूला जाणारा भार मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त पडतो आणि मागचं लवकर हात टेकतं. शर्यतीवाले फ्रंट व्हीलच्या गाड्या मुद्दाम मागून कडक करतात, गाडी वळावी म्हणून. तुम्हाला बाजारात जायचंय. काढा ते.

शेवंती | १८ जून, रात्री ११:००

आणि नुसतं ते काढून दोन दिवस चालवा, मगच अलाइनमेंट.

खांडेपारकाठ | २२ जून, दुपारी १२:१०

बफर काढले, घरीच. जॅकवर घेतल्यावर स्प्रिंग मोकळी झाली तरी एक निघेना, आत लाल माती भरून विटेसारखा झाला होता, साबणाचं पाणी आणि भावाच्या शिव्या घालून काढला. गाडी मागून दोन बोटं खाली बसली. बाणस्तारीची उसळी गेली, म्हणजे दणका बसतो पण गाडी जागा सोडत नाही. आईला पहिल्यांदाच मागच्या सीटवर झोप लागली, ती मला एवढीच म्हणाली 'आज गाडी बरी आहे', दोन वर्षं बिचारी कंबर धरून बसत होती आणि मी रस्त्याला नावं ठेवत होतो.

डावं वळण तेवढं राहिलंय. सरळ रस्त्यावर स्टीअरिंगही मी किंचित उजवीकडे धरतो असं बायकोने दाखवून दिलं, मला सवयच झाली होती.

अलाइनमेंटवाला | २२ जून, दुपारी १:३०

मे मधल्या अलाइनमेंटचा कागद आहे का? त्यात मागच्या चाकांचे आकडे आहेत की फक्त पुढचे?

खांडेपारकाठ | २२ जून, दुपारी १:५०

कागद दिलाच नाही. 'झालं साहेब, ओके' म्हणाला. मागच्या चाकांना त्याने मशीनच लावली नव्हती, मी तिथेच बसून चहा घेत होतो.

अलाइनमेंटवाला | २२ जून, दुपारी २:१५

मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा तुकडा, असला की बहुतेक दुकानं मागचं मोजत नाहीत, कारण तिथे फिरवायला बोल्टच नसतो, मग मोजून करायचं काय. पण मोजल्याशिवाय वाकलंय की नाही कसं कळणार? चारी चाकांना सेन्सर लावणारं दुकान शोधा, आणि प्रिंट घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

खांडेपारकाठ | २५ जून, रात्री ९:२०

प्रिंट मिळाली. मागचा डावा टो +०.१२ अंश, हिरवा. मागचा उजवा -०.३८, लालभडक. थ्रस्ट अँगल ०.२५. उजवीकडचा कॅम्बरही मर्यादेच्या जरा बाहेर. मला यातलं काही कळत नाही पण लाल रंग कळतो.

अलाइनमेंटवाला | २५ जून, रात्री १०:००

सापडलं. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं तोंड किती वळलंय ते, प्लस म्हणजे आत, मायनस म्हणजे बाहेर. थ्रस्ट अँगल म्हणजे मागची दोन चाकं मिळून गाडीला किती तिरकं ढकलतात ते, कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल. उजवं मागचं चाक बाहेर बघतंय. गाडी डावीकडे वळते तेव्हा सगळा भार उजव्या बाजूला, म्हणजे याच चाकावर, आणि ते स्वतःच उजवीकडे निघालेलं. तुमचं डावं वळण सैल का, ते हे. सरळ जाताना ते मागचं अंग उजवीकडे नेतं, नाक डावीकडे वळतं, तुम्ही स्टीअरिंग उजवीकडे धरून ते सरळ करता.

आता हे वाचायचं कसं बघा. बीमचे रबरी बुश फाटून अख्खा एक्सल तिरका झाला असता तर दोन्ही चाकं एकाच दिशेला सारखीच फिरली असती, डावं जेवढं जास्त आत तेवढंच उजवं बाहेर. तुमचं डावं जिथे पाहिजे तिथेच आहे. एकटं उजवं बिघडलंय. म्हणजे बुश नाही, चाक ज्यावर बसतं तो स्टब वाकलाय, नाहीतर बीमचा तिथला हात. आठवून सांगा, ते चाक कुठे आपटलं होतं?

खांडेपारकाठ | २५ जून, रात्री १०:३०

... आठवलं. डिसेंबरात रात्री हायवेच्या कामाचं डायव्हर्शन होतं, काँक्रीटचे ब्लॉक ठेवलेले, वळताना मागचं उजवं चाक त्याच्या कोपऱ्याला लागलं. रिमला ओरखडा आला म्हणून मी रिमच बघत बसलो, आणि बायकोला सांगितलं नव्हतं. ती हा धागा वाचते.

चहा_बिस्किट | २५ जून, रात्री १०:३१

वैनी, डिसेंबरपासूनचं व्याज लावा.

म्हादयपार | २६ जून, सकाळी ७:१०

स्टब बदलताना बेअरिंगही हाताने फिरवून बघ. चाक वर घेऊन वर-खाली धरून हलवायचं, खेळ असेल तर टक टक लागतं, आणि फिरवताना घरघर येते. आपटलेल्या चाकाचं बेअरिंग नंतर सहा महिन्यांनी बोलायला लागतं. आणि तो मेस्त वाकलेला तुकडा तापवून सरळ करतो म्हणाला तर तिथून निघ.

खांडेपारकाठ | ९ जुलै, रात्री ९:०५

स्टब चार बोल्टांवर होता, नवा मागवला, आठ दिवस लागले यायला. सोबत बेअरिंगही बदललं, घरघर होतीच, मी ती टायरची समजत होतो. जुना आणि नवा तुकडा काचेवर शेजारी ठेवून बघितले, डोळ्याला काही दिसत नाही, जेमतेम केसभर. नवी प्रिंट: डावा +०.१२, उजवा +०.१०, थ्रस्ट ०.०१. हिरवंच हिरवं. दोन नवे टायरही घेतले, पुढे टाकले, चारी आता सारखे. शॉकअपला हातही लावला नाही.

काल रात्री जो धोधो आला त्यात मुद्दाम नाही, पण त्याच वेळी त्याच वळणावर होतो. पंचेचाळीस. पुढे परत एक स्कूटर, परत ब्रेक. गाडी नुसती हळू झाली. अलाइनमेंटवाले बाब, म्हापशाला आलो की चहा माझ्याकडून. देव बरें करूं.

पुण्यातला_गोंयकार | ९ जुलै, रात्री ९:४०

मी माझ्या गाडीखाली वाकून आलो. मागचे १८१७. गप्प बसलोय.

टर्बोपुत्र | १० जुलै, सकाळी १०:००

शेवटी किती खर्च आला?

खांडेपारकाठ | १० जुलै, दुपारी १:१५

हवा फुकट, बफर काढणं फुकट, टायर अदलाबदल दोनशे. या तिघांनीच मोठा फरक पडला. बाकी टायर, स्टब, बेअरिंग आणि दोन अलाइनमेंट मिळून जे झालं ते इथे लिहीत नाही, कारण वर सांगितलंय कोण वाचतं.

म्हादयपार | १० जुलै, दुपारी १:३०

जुन्या टायरांचं काय केलंस? कोणाला विकू नकोस हां, ते परत कोणाच्या तरी मागे लागतील.

खांडेपारकाठ | १० जुलै, दुपारी २:००

नाही विकले. दिवाडीच्या मामेभावाने नेले, होडीच्या कडेला बांधायला, धक्क्याला घासू नये म्हणून.

चहा_बिस्किट | १० जुलै, दुपारी २:०४

होडीला विचारून घे, डाव्या वळणात काय वाटतं.